पार्किन्सन्स आणि कवटी न उघडता मेंदूला दिलेली चेतना : टीएमएस, टीडीसीएसने नेमका किती फरक पडतो?

अनाहत

या विषयावर या चर्चामंचावर बरेच लिहिले गेले आहे, पण चार धाग्यांत विखुरलेले, म्हणून हा वेगळा धागा. शस्त्रक्रियेने मेंदूत तार बसवण्याचा उपचार, म्हणजे डीबीएस, यात धरलेला नाही. कवटीला हात न लावता बाहेरून दिल्या जाणाऱ्या उपचारांबद्दलच बोलू. चेतना म्हणजे इथे मेंदूच्या पेशींना दिलेले उद्दीपन. टीएमएसमध्ये ते डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, चुंबकीय स्पंदांनी देतात. टीडीसीएसमध्ये डोक्यावर लावलेल्या ओल्या स्पंजांतून सौम्य वीज सोडून देतात.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करतो. पार्किन्सन्समध्ये सब्स्टँशिया नायग्रा या मेंदूच्या खोल भागातल्या पेशी मरतात आणि डोपामिन कमी पडते. टीएमएसचे कॉइल किंवा टीडीसीएसचे स्पंज त्या पेशींपर्यंत पोहोचत नाहीत. नेहमीच्या आठच्या आकाराच्या कॉइलचा परिणाम कवटीखाली जेमतेम २ ते ३ सेंटिमीटरपर्यंत होतो. म्हणजे चेतना मिळते ती मेंदूच्या वरच्या थराला, कॉर्टेक्सला. मग फायदा होतो तो कसा? कॉर्टेक्स, मग बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस हे आतले भाग, आणि परत कॉर्टेक्स अशी एक साखळी आहे. तिची आतली कडी बिघडली की वरची कडीही बेताल होते, आणि वरच्या कडीला धक्का दिला की तो काही प्रमाणात आत जातो. २००१ साली स्ट्राफेला आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांच्या पुढच्या कॉर्टेक्सवर टीएमएस दिले आणि कॉडेट या खोल भागात डोपामिन सुटल्याचे पेट स्कॅनवर दाखवले. म्हणजे वाट आहे, पण आडवळणाची.

पेशी मरण्याचा वेग यातल्या कुठल्याही उपचाराने कमी होतो असे आजवर सिद्ध झालेले नाही. जाहिरातीत तसे लिहिले असेल तर ती तिथेच मिटावी.

ज्यांना यंत्रे, मात्रा आणि चाचण्या नीट ठाऊक आहेत त्यांनी लिहावे. "खूप छान उपचार आहे" एवढ्यावर थांबू नये, ही विनंती.

चकमक

टीएमएसपासून सुरू करतो.

१९८५ मध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर यांच्या गटाने कॉइल डोक्यावर धरून समोरच्याचा हात उडवून दाखवला. तत्त्व अजून तेच आहे. कॉइलमधून क्षणभर प्रचंड प्रवाह सोडायचा, त्याने साधारण १.५ ते २ टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते हाडातून विनासायास आत जाते आणि बदलत्या क्षेत्रामुळे कॉर्टेक्समध्ये वीज निर्माण होते. हाड विजेला अडवते, चुंबकाला नाही. सगळी गंमत तिथे आहे.

मात्रा ठरते ती मोटर थ्रेशोल्डवर. हाताचा पहिल्या बोटाजवळचा स्नायू सैल ठेवायचा, त्यावर ईएमजीचे, म्हणजे स्नायूतली वीज मोजणाऱ्या यंत्राचे, इलेक्ट्रोड लावायचे आणि १० पैकी किमान ५ वेळा ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद देणारी सर्वांत कमी ताकद शोधायची. उपचाराची ताकद या आकड्याच्या ८०, ९०, ११०, १२० टक्के अशी लिहितात. पार्किन्सन्समध्ये पहिली खोट इथेच येते. विश्रांतीतही हात कापत असतो, म्हणजे स्नायू "सैल" नसतोच. थोडासा आकुंचित स्नायू कमी ताकदीलाही उडतो, थ्रेशोल्ड खोटा कमी येतो आणि पुढचे सगळे उपचार कमी मात्रेत होतात. उलट, ईएमजी न लावता नुसते बोट हलतेय का हे डोळ्यांनी पाहिले तर थ्रेशोल्ड जास्त येतो. म्हणून ईएमजीची रेघ शांत असेल त्या क्षणीच स्पंद सोडायचा आणि कंपाच्या भरात आलेले प्रतिसाद मोजणीतून काढून टाकायचे. कुणी पाच मिनिटांत थ्रेशोल्ड काढून मोकळे झाले, तर हे केले नाही असे खुशाल समजावे.

कॉइल धरायची दिशाही महत्त्वाची. मेंदूतल्या हात हलवणाऱ्या भागासाठी कॉइलची दांडी मागे आणि बाहेरच्या बाजूला, डोक्याच्या मधल्या रेषेशी ४५ अंशांचा कोन. १०-१५ अंश फिरले किंवा कॉइल टाळूवरून एका कडेला उचलले गेले की मेंदूत पोहोचणारा भाग लगेच घटतो. पडद्यावर मात्र "३००० स्पंद पूर्ण" असेच दिसते.

आता तालाबद्दल. ढोबळ नियम असा की सेकंदाला १ किंवा त्याहून कमी स्पंद दिले तर तो भाग मंदावतो, ५ किंवा त्याहून अधिक दिले तर उत्तेजित होतो. नियम ढोबळच आहे, माणसागणिक उलटेही होते. नेहमीचे गणित : १० हर्ट्झने ४ सेकंद, म्हणजे ४० स्पंद. मग २६ सेकंद विश्रांती. असे २५ फेरे केले की १००० स्पंद होतात, साडेबारा मिनिटांत. ७५ फेऱ्यांचे ३००० स्पंद आणि साडेसदतीस मिनिटे. २००५ साली आलेली थीटा बर्स्ट पद्धत फार आटोपशीर आहे. ५० हर्ट्झने तीन स्पंदांचा झुबका, असे झुबके सेकंदाला पाच, २ सेकंद चालू, ८ सेकंद बंद. ६०० स्पंद तीन मिनिटांच्या थोडे वर संपतात. मान ताठ असलेल्या माणसाला पाऊण तास एका जागी बसवण्यापेक्षा हे बरे पडते, मात्र पार्किन्सन्सच्या हालचालींसाठी त्याचा पुरावा जुन्या पद्धतीइतका भरलेला नाही.

निशिगंध

चकमक, थ्रेशोल्डचा मुद्दा सोन्यासारखा आहे. त्यात एक भर. आकडा मिळतो हाताच्या भागावर, आणि तोच आकडा कपाळामागच्या भागासाठी किंवा पायाच्या भागासाठी वापरला जातो. वयस्क मेंदू थोडा आकसलेला असतो आणि कवटी-कॉर्टेक्स अंतर सगळीकडे सारखे नसते. पायाचा भाग तर दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत आत दडलेला आहे. त्यासाठी सपाट आठच्या कॉइलऐवजी कोनात वाकवलेले डबल कोन कॉइल लागते. "चालण्यासाठी टीएमएस" म्हणून सपाट कॉइल हाताच्याच भागावर फिरवले जात असेल तर विचारायला हवे.

पुरावा किती, ते लिहिते. २०२० साली लेफोशेर आणि इतर तज्ज्ञांनी जे मार्गदर्शन प्रसिद्ध केले त्यात पार्किन्सन्ससाठी दोन गोष्टींना "बी" दर्जा, म्हणजे "बहुधा परिणामकारक" असा शेरा आहे. पहिली, दोन्ही बाजूंच्या मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचाली घडवणाऱ्या भागावर जलद टीएमएस, हालचालींसाठी. दुसरी, डाव्या डीएलपीएफसीवर, म्हणजे कपाळामागच्या भागावर जलद टीएमएस, पार्किन्सन्समधल्या नैराश्यासाठी. "ए" दर्जा कशालाही नाही.

दोन चाचण्या शेजारी ठेवल्या तर चित्र स्पष्ट होते. २०१६ च्या चाचणीत ६१ जण होते, १० दिवस १० हर्ट्झ, प्रत्येक बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर रोज १०००. हालचालींचा गुणांक महिन्यानंतरही खोट्या उपचारापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी केलेल्या उपचाराच्या नुसत्या देखाव्यापेक्षा, चांगला राहिला. त्याच चाचणीत कपाळाच्या भागावर दिलेल्या चेतनेने मनःस्थिती खोट्या उपचारापेक्षा जास्त सुधारली नाही, आणि दोन्ही जागा एकत्र केल्याने बेरीजही झाली नाही. जपानमधली २०१३ ची चाचणी १०६ जणांची होती. तिथे जागा वेगळी, डोक्याच्या मधोमध थोडे पुढे असलेला एसएमए हा हालचालींची आखणी करणारा भाग, आणि आठवड्यातून एकदा असे आठ आठवडे. १ हर्ट्झच्या गटात विसाव्या आठवड्यात गुणांक ६.८४ ने सुधारलेला होता. १० हर्ट्झ आणि खोटा उपचार यांचा फायदा मध्येच विरून गेला.

म्हणजे एका जागी जलद, दुसऱ्या जागी संथ. "टीएमएस घेतले" या वाक्याला तसा काहीच अर्थ नाही. जागा, ताल, ताकद, स्पंद, दिवस या पाच गोष्टी सांगितल्याशिवाय दोन माणसांच्या अनुभवांची तुलनाच होत नाही.

तिरकस

रंगाचा बेरंग करतो, माफ करा.

प्लासिबोने, म्हणजे खोट्या उपचाराने, डोपामिन सुटणे हे पार्किन्सन्समध्ये इतर आजारांपेक्षा जास्त अडचणीचे आहे, कारण इथे औषधही डोपामिनच आणि आशेचे रसायनही डोपामिनच. २००१ साली दे ला फ्वेंते-फर्नांदेस यांनी दाखवले की खोट्या इंजेक्शननेही पार्किन्सन्सच्या माणसांत खऱ्या औषधासारखे डोपामिन सुटते. २००६ मध्ये स्ट्राफेला यांच्याच गटाने खोट्या टीएमएसनेही तेच होते हे दाखवले. अनाहतने वर दिलेल्या २००१ च्या प्रयोगाच्या शेजारी हा प्रयोग ठेवावा, मग उत्साह आपोआप बेतात राहतो.

त्यामुळे "मला बरे वाटले" हे खोटे नसते. कंप खरोखर कमी झालेला असतो, पाऊल खरोखर मोठे पडते. प्रश्न एवढाच की ते कॉइलने झाले की मोठे यंत्र, पांढरा कोट आणि दोन आठवडे रोज मिळालेले लक्ष याने झाले.

खोटा उपचार बेमालूम करणे सोपे नाही. कॉइल नुसते तिरके धरले तर टाळूवरची टिचकी जाणवत नाही, त्यामुळे माणसाला कळते. चांगल्या चाचणीत खोटे कॉइल "टक् टक्" आवाजही करते आणि कातडीला लहानसा विजेचा चिमटाही देते. चाचणी वाचताना आधी हे पाहावे. सहभागींना शेवटी "तुम्हाला खरे मिळाले की खोटे?" असे विचारले होते का, तेही पाहावे.

पाऊलवाट

तिरकस यांच्याशी सहमत, पण म्हणून हात झटकू नयेत. आशेचा परिणाम सहसा आठवड्यांत ओसरतो. फरक टिकला का, हे पाहायला महिना आणि तीन महिने अशा दोन नोंदी हव्यात. बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी एक मोजमाप घेतात, सगळे खूश होतात आणि फाइल बंद. तो दिवस मोजायला सर्वांत वाईट.

चालताना पाय जमिनीला खिळतात, त्या फ्रीझिंगबद्दल लिहितो, कारण गोळी जिथे कमी पडते तिथे लोक या उपचारांकडे वळतात. २०१८ साली एकाच बैठकीत मोटर कॉर्टेक्स आणि डीएलपीएफसी अशा दोन जागांवर एकदम टीडीसीएस दिल्यावर फ्रीझिंग कमी झाल्याचे दिसले होते. त्याच विचाराने ७७ जणांवर मोठी चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि खोट्या उपचाराहून सरस ठरली नाही. एका बैठकीचा परिणाम आणि अनेक आठवड्यांचा परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यातून घ्यावे.

चेतना आणि व्यायाम यांचा क्रम हा दुसरा प्रश्न. या चेतनेने काही काळ कॉर्टेक्स "शिकायला तयार" होते असे मानतात. त्या काळात माणूस खुर्चीत बसून राहिला तर ती तयारी वाया. म्हणून टीएमएस असेल तर संपल्यावर लगेच, साधारण अर्ध्या तासाच्या आत, चालण्याचा किंवा तोल सांभाळण्याचा सराव सुरू करावा. टीडीसीएस असेल तर सराव चालू असतानाच द्यावे. सराव कसला? जमिनीवर आडव्या पट्ट्या लावून त्या ओलांडणे, मेट्रोनोमच्या ठोक्यावर पावले टाकणे, वळताना एका जागी गर्रकन न फिरता मोठे वळण घेणे. या गोष्टी स्वतःच्या बळावरही उपयोगी आहेत. चेतना नाही मिळाली तरी सराव सोडू नये. सराव नसेल तर नुसत्या चेतनेकडून फार अपेक्षा नको.

मृगजळ

टीडीसीएस या धाग्यात बाजूला पडायला नको, कारण घरी लोक तेच करून बघतात आणि तेच चुकीचे करतात.

यात स्पंद नसतात. १ ते २ मिलिअँपिअरचा सरळ प्रवाह, बहुधा २० मिनिटे. एवढ्या प्रवाहाने पेशी "पेटत" नाही, पेटण्याच्या जवळ किंवा लांब सरकते, इतकेच. त्यातला बराच प्रवाह टाळूच्या कातडीतूनच पळून जातो.

जागा शोधणे : नाकाच्या मुळाशी खोलगट जागा ते डोक्यामागचे उंचवट्याचे हाड, हे अंतर टेपने मोजून मध्य काढा. एका कानापुढून दुसऱ्या कानापुढपर्यंत टाळूवरून मोजून त्याचाही मध्य काढा. दोन मध्य जुळतात ती जागा सीझेड. कानापासून कानापर्यंत ३६ सेंटिमीटर भरले तर त्याचे २० टक्के म्हणजे ७.२ सेंटिमीटर. सीझेडपासून तेवढे डावीकडे गेले की सी३, उजवीकडे गेले की सी४. हात जास्त अडतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या बिंदूवर धन इलेक्ट्रोड, आणि ऋण इलेक्ट्रोड त्या बिंदूच्या विरुद्ध बाजूच्या भुवईवर. "उजवा हात कापतो म्हणून उजवीकडे लावले" ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही.

स्पंज ५ बाय ७, म्हणजे ३५ चौरस सेंटिमीटर. २ मिलिअँपिअर भागिले ३५, म्हणजे चौरस सेंटिमीटरला ०.०५७. तोच प्रवाह लहान स्पंजातून सोडला तर तेवढ्याच जागेवर भार वाढतो, हे लक्षात न घेता "छोटे म्हणजे अचूक" म्हणून लोक स्पंज कापतात.

स्पंज भिजवायला मिठाचे पाणी, म्हणजे सलाईन. ३५ चौरस सेंटिमीटरच्या स्पंजाला दोन्ही बाजूंना मिळून साधारण १२ मिलिलिटर पुरते. जास्त ओतले की पाणी केसांतून ओघळते, दोन स्पंजांमध्ये ओली वाट तयार होते आणि प्रवाह मेंदूऐवजी त्या वाटेने जातो. यंत्र तर "उत्तम संपर्क" दाखवते! कमी ओतले की मधेच सुकते, एका कोपऱ्यात प्रवाह एकवटतो आणि तिथे कातडी भाजते. नळाचे साधे पाणी वापरल्याने जखमा झाल्याच्या नोंदी आहेत, कारण त्यात क्षार कमी आणि रोध जास्त. धातूचा किंवा रबराचा पत्रा थेट कातडीला कधीही लागू नये.

प्रवाह ३० सेकंदांत हळूहळू चढवावा आणि तसाच उतरवावा. मधेच तार निसटली तर डोळ्यांपुढे लख्ख चमकते आणि माणूस दचकतो, दचकला की कंप वाढतो. रोध १० किलोओहमच्या खाली असावा. वर गेला तर प्रवाह वाढवू नये, स्पंज दाबून बसवावा, केस बाजूला सारावेत, थोडे सलाईन पिचकारीने सोडावे.

आता पुरावा. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१६ च्या कॉक्रेन समीक्षेत पार्किन्सन्समधल्या टीडीसीएसच्या फक्त सहा चाचण्या बसल्या, एकूण १३७ माणसे, आणि "ठामपणे सांगण्याइतका पुरावा नाही" असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर चाचण्या वाढल्या, पण बहुतेक लहान. हालचालींसाठी टीएमएसचा पुरावा टीडीसीएसपेक्षा मजबूत आहे, हे मान्य करून पुढे जावे.

अनाहत

मृगजळ, फार उपयोगी. घरच्या यंत्रांबद्दल एक शंका. ९ व्होल्टची बॅटरी आणि रोधक जोडून केलेल्या खटपटी काही ठिकाणी दिसतात. त्यांत नेमके काय चुकते?

मृगजळ

बॅटरी व्होल्टेज स्थिर ठेवते, प्रवाह नाही. कातडी ओली झाली की रोध घटतो, प्रवाह वाढतो. योग्य यंत्र प्रवाह स्थिर ठेवते आणि रोध वाढला की स्वतः थांबते. खटपटीत दोन्ही नाही, चढ-उतारही नाही.

पार्किन्सन्समध्ये आणखी एक अडचण. हात कापत असताना, मान पुढे झुकलेली असताना स्वतःच्या डोक्याला पट्टा नीट बसवणे जवळजवळ अशक्य आहे. घरी करायचेच असेल तर डॉक्टरांनी मात्रा कुलूपबंद केलेले यंत्र, शिकवलेला सोबती, आणि पहिल्या काही बैठका व्हिडिओवर समोर कुणीतरी पाहत असावे. नाहीतर नको.

निशिगंध

नैराश्याचा भाग राहिला. २००४ च्या एका चाचणीत ४२ जण होते. अर्ध्यांना खरे टीएमएस आणि खोटी गोळी, अर्ध्यांना खोटे टीएमएस आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्याची गोळी. दोन्ही गटांत नैराश्य सारखेच कमी झाले. औषध सोसत नसेल तर हा पर्याय आहे, असा याचा अर्थ. पण वर सांगितलेल्या २०१६ च्या चाचणीत हेच दिसले नाही, तेव्हा हमी नाही. अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २००८ साली टीएमएसला मंजुरी दिली ती नैराश्यासाठी, पार्किन्सन्ससाठी नव्हे. हा फरक जाहिरातीत मुद्दाम पुसट केला जातो.

नैराश्य आणि निरिच्छपणा या दोन गोष्टी एक समजू नयेत. पार्किन्सन्समध्ये माणूस दुःखी नसूनही काही करायला उठत नाही. आणि चेहऱ्याचे स्नायू ताठर झाल्यामुळे आनंदी माणूसही उदास दिसतो. प्रश्नावली भरल्याशिवाय "मनासाठी टीएमएस" सुरू करणे म्हणजे रोग न पाहता गोळी देणे.

डाव्या डीएलपीएफसीची जागा शोधायला हाताच्या बिंदूपासून ५ सेंटिमीटर पुढे जायची जुनी पद्धत आहे. बऱ्याच डोक्यांत तिने नेम मागेच पडतो. डोक्याची मापे घेऊन काढलेला एफ३ बिंदू किंवा एमआरआयच्या चित्रावर नेम धरणारे न्यूरोनॅव्हिगेशन वापरतात का, विचारावे.

पाऊलवाट

मोजमापाबद्दल सविस्तर लिहितो. उपचार कुठलाही असो, हे चुकले तर बाकी सगळे पाण्यात.

डॉक्टर वापरतात तो एमडीएस-यूपीडीआरएस या पार्किन्सन्सच्या मोजपट्टीचा तिसरा, हालचालींचा भाग. एकूण १३२ गुण, जितके कमी तितके चांगले. २०१५ मध्ये होर्वाथ आणि सहकाऱ्यांनी काढले की ३.२५ गुणांची सुधारणा ही माणसाला जाणवेल अशी किमान सुधारणा. दोन गुण कमी झाले म्हणून पेढे वाटू नयेत. जुन्या यूपीडीआरएसचे आकडे वेगळे आहेत, दोन्हींची सरमिसळ करू नये. वर निशिगंध यांनी दिलेले ६.८४ हे जुन्या मोजपट्टीवरचे.

घरी त्याहून साधे मोजता येते, आणि रोज मोजता येत असल्यामुळे काही बाबतींत जास्त भरवशाचेही.

चालणे : हात टेकायला दांड्या असलेली, नेहमीची तीच खुर्ची. उठायचे, ३ मीटर चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. स्टॉपवॉच पाठ खुर्चीवरून सुटते तेव्हा सुरू, बसल्यावर बंद. तीनदा करून मधला आकडा लिहायचा, सर्वांत चांगला नव्हे. वळताना पाय खिळला तर शेजारी खूण.

हात : टेबलावर ३० सेंटिमीटर अंतरावर दोन ठिपके. एका बोटाने आलटून पालटून ३० सेकंद टिचक्या, दोन्ही हातांचे आकडे वेगवेगळे. ज्या हातासाठी उपचार नाही त्याचाही आकडा ठेवावा, तो तुलनेला कामी येतो. दोन्ही हात सारखेच सुधारले तर कारण कॉइल नसून सराव किंवा आशा असण्याची शक्यता जास्त.

लिखाण : एकच वाक्य रोज एका ओळीत. अक्षरे शेवटाकडे बारीक होत जातात का, ते महिन्याभराची पाने शेजारी ठेवली की दिसते.

आणि सर्वांत महत्त्वाचे, वेळ. लेव्होडोपा या पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाच्या गोळीनंतर २० मिनिटांनी मोजलेला आकडा आणि ९० मिनिटांनी मोजलेला आकडा ही जणू दोन वेगळी माणसे. म्हणून दोन ठरलेल्या वेळा : सकाळची पहिली गोळी घेण्यापूर्वी, आणि त्या गोळीनंतर बरोबर एक तासाने. गोळी प्रथिनांनी भरलेल्या जेवणाबरोबर गेली तर तिचा असर लांबतो किंवा बोथट होतो, तीही नोंद हवी. उपचाराआधी किमान दोन आठवडे हे आकडे जमवावेत. तेवढ्या काळात आकडे स्वतःहून किती खाली-वर होतात ते कळते. त्या चढउतारापेक्षा मोठा फरक पडला तरच तो फरक.

उपचाराच्या काळात औषधांचे डोस बदलू नयेत. बदलणे भाग पडले तर वहीत जाड रेघ मारून पुढे नव्याने मोजावे. सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो : टीएमएस सुरू झाले त्याच आठवड्यात गोळी वाढवली, माणूस सुधारला, श्रेय कॉइलला.

तिरकस

पाऊलवाट, हा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवून ठेवावा असा. एक भर. स्टॉपवॉच धरणाऱ्याला आज उपचाराचा कितवा दिवस आहे ते शक्यतो ठाऊक नसावे. घरात ते जमत नसेल तर चालण्याचा व्हिडिओ घ्या, तारखा झाका, क्रम विस्कटा आणि तिसऱ्याच कुणाला पाहायला द्या. आपल्या माणसाचे आकडे आपणच घेताना अंगठा अर्धा सेकंद आधी पडतो.

चकमक

धोके लिहायचे राहिले होते.

टीएमएसमध्ये सर्वांत गंभीर म्हणजे फिट. २०१९ मधल्या एका सर्वेक्षणात ३,१८,५६० बैठकांमध्ये २४ फिट नोंदल्या गेल्या, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी. पण ती सरासरी आहे. रात्री झोप झालेली नसेल, दारू घेतली असेल, फिट येण्याची शक्यता वाढवणारे औषध चालू असेल तर धोका वाढतो. पार्किन्सन्समध्ये भास होतात म्हणून दिले जाणारे क्लोझॅपिन हे असेच औषध. नैराश्यासाठीचे ब्युप्रोपिऑन आणि ॲमिट्रिप्टिलिनही. टीएमएस देणाऱ्याला औषधांची पूर्ण यादी दाखवावी, केवळ पार्किन्सन्सच्या गोळ्यांची नव्हे.

कॉइलचा आवाज मोठा असतो, कानात बोळे घालणे सक्तीचे. देणाऱ्यानेही. टाळू किंवा कपाळ दुखणे हे नेहमीचे, पहिल्या काही बैठकांनंतर बहुधा कमी होते.

डीबीएस बसवलेले असेल, पेसमेकर असेल, कानात कॉक्लिअर इम्प्लांट असेल, डोक्यात धातूची क्लिप असेल तर नेहमीच्या केंद्रात टीएमएस करू नये. डीबीएसच्या तारेत कॉइलमुळे वीज निर्माण होऊ शकते, आणि छातीतल्या यंत्राजवळ कॉइल नेणे तर नकोच. टीडीसीएसलाही कवटीत छिद्र असेल तर प्रवाह त्या छिद्रातून एकवटून आत जातो, मात्रेचे सगळे गणित कोलमडते.

दोन गोष्टी छापील सूचनांत कमी सापडतात. एक, पाऊण तास बसून एकदम उठल्यावर रक्तदाब कोसळतो. पार्किन्सन्समध्ये हे आधीच असते. बैठक संपली की दोन मिनिटे पाय हलवत बसून राहावे, मग आधाराने उभे राहावे. दोन, डिस्कायनेशिया, म्हणजे गोळीच्या जोरात अंग वळवळणे. अशा वेळी कॉइल ठरल्या जागेवरून सतत सरकते. बैठकीची वेळ त्या तासाबाहेर ठेवावी आणि रोज तीच ठेवावी.

अनाहत

कंपासाठी एक तिसरा प्रकार वाचनात आला, टीएसीएस. त्याबद्दल कुणी सांगेल का? आणि ज्यांना डीबीएस सुचवले आहे त्यांनी आधी हे करून पाहावे का?

मृगजळ

टीएसीएसमध्ये सरळ प्रवाहाऐवजी उलटसुलट होणारा प्रवाह देतात. पार्किन्सन्सचा विश्रांतीतला कंप सेकंदाला साधारण ४ ते ६ वेळा होतो. २०१३ मध्ये ऑक्सफर्डला जॉन-स्टुअर्ट ब्रिटन या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी बोटावर संवेदक लावून कंपाचा ताल मोजला, त्याच तालाचा प्रवाह मोटर कॉर्टेक्सवर दिला आणि लाटेचा नेमका कुठला टप्पा कंपाला मारतो ते प्रत्येकासाठी शोधले. कंप सरासरीने जवळपास निम्मा झाला. कल्पना सुरेख आहे. अडचण अशी की कंपाचा ताल स्थिर राहत नाही. यंत्राला तो सतत ऐकत त्याच्यामागे धावावे लागते, आणि टप्पा उलटा पडला तर कंप वाढतोही. प्रयोगशाळेबाहेर यायला वेळ आहे.

निशिगंध

डीबीएसच्या प्रश्नाला सरळ उत्तर : एकाला दुसऱ्याची जागा नाही. डीबीएस चोवीस तास चालते आणि योग्य व्यक्तीत गोळीच्या चढउतारावर मोठा फरक पाडते. टीएमएसचा फरक त्याच्या मानाने लहान, आठवडे-महिने टिकणारा, पुन्हापुन्हा द्यावा लागणारा. टीएमएसने सुधारणा झाली नाही यावरून डीबीएस चालणार नाही असा अंदाज बांधू नये. त्यासाठी लेव्होडोपाला शरीर किती प्रतिसाद देते ते बघतात : रात्रभर, साधारण बारा तास गोळी बंद ठेवून गुणांक, मग गोळी देऊन गुणांक. ही चाचणी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. आणि शस्त्रक्रियेची तारीख मिळालेली असेल तर टीएमएसच्या फेरीसाठी ती पुढे ढकलू नये.

पाऊलवाट

केंद्रात विचारायच्या प्रश्नांबद्दल दोघातिघांनी निरोपात विचारले आहे, इथेच लिहितो. कुठली जागा, ती कशी शोधणार? थ्रेशोल्ड ईएमजीवर काढणार का, आणि फेरीच्या मध्यात परत काढणार का? किती हर्ट्झ, किती टक्के, एकूण किती स्पंद? गोळीनंतर किती वेळाने बैठक? फिट आली तर खोलीत कोण असेल, काय करेल? महिन्याने पुन्हा गुणांक काढणार का? आणि शेवटचा : दहा बैठकांनंतर आकडे हलले नाहीत तर थांबणार का, की "अजून दहा करू" म्हणणार?

थांबण्याची अट पहिल्या दिवशीच कागदावर घ्यावी. अकराव्या दिवशी ती कुणालाच आठवत नाही.